'ईच ऑफ द बॉइज'नंतर 'हॅज' की 'हॅव'? इंग्रजीच्या पेपरात मराठी व्याकरण असं कामी येतं

मीरा रोड आणि भाईंदर ही पश्चिम रेल्वेवरची लागोपाठची दोन स्टेशनं आहेत. मीरा-भाईंदर ही मात्र एकच महानगरपालिका आहे. 28 फेब्रुवारी 2002 रोजी ती स्थापन झाली आणि तिचं मुख्य कार्यालय भाईंदर पश्चिमेला आहे. हीच वाक्यं इंग्रजीत लिहिली तर स्टेशनांच्या वाक्यात 'आर' येईल आणि महानगरपालिकेच्या वाक्यात 'इज'. नावं तीच, पण एकदा ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत आणि एकदा मिळून एका गोष्टीचं नाव आहे. मराठीत 'आहेत' आणि 'आहे' लिहिताना कोणी थांबून विचार करत नाही. इंग्रजीच्या पेपरात मात्र याच ठिकाणी पेन अडखळतं.

याच महानगरपालिकेने 2025 मध्ये गट-क पदांसाठी सरळसेवा भरतीची जाहिरात काढली होती. अशा भरतीची तयारी करणारी मुलं सहसा एकाच परीक्षेवर अवलंबून नसतात. तलाठी, एमपीएससीची संयुक्त परीक्षा, एसएससी, बँक, जे निघेल त्याचा फॉर्म भरला जातो. या सगळ्यांत एक विषय हटकून येतो, तो म्हणजे इंग्रजी.

2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते आणि प्रत्येक प्रश्नाला 2 गुण होते. एसएससीच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यातही इंग्रजीचे 25 प्रश्न आणि 50 गुण असतात, वर प्रत्येक चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना मिळतात 20 मिनिटं. कट-ऑफ एकेका गुणावर हलतो, तिथे हे गुण सोडून चालत नाही.

या प्रश्नांत 'चूक शोधा' आणि 'गाळलेली जागा भरा' या प्रकारांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. एक, कर्ता आणि क्रियापदाचा मेळ, म्हणजे सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट. दुसरी, 'आयदर-ऑर', 'नो सूनर-दॅन' यांसारख्या अव्ययांच्या जोड्या. क्लासमध्ये यासाठी पंचवीस-तीस नियमांची यादी पाठ करून घेतात. त्यातले निम्म्याहून जास्त नियम मराठी माणसाला पाठ करायची गरज नाही.

मराठीत तर हा मेळ जास्त कडक आहे

इंग्रजी क्रियापद वर्तमानकाळात फार थोडं बदलतं. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. नामाला 'एस' लागला की ते अनेकवचनी होतं आणि क्रियापदाला 'एस' लागला की ते एकवचनी, एवढाच उलटा हिशोब. भूतकाळात 'वॉज' आणि 'वेअर' सोडले तर तेही नाही.

मराठीत क्रियापदाला लिंग, वचन आणि पुरुष असं तिन्हीकडे बघावं लागतं. 'मुलगा आला', 'मुलगी आली', 'मूल आलं', 'मुलं आली'. त्यावर पुन्हा प्रयोगांची भानगड. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलाने आंबे खाल्ले' या तिन्ही वाक्यांत खाणारा एकच आहे, तरी क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या मागे जातं. हा कर्मणी प्रयोग. 'शिपायाने चोराला पकडले' इथे ते कोणाच्याच मागे जात नाही, हा भावे प्रयोग. शाळेत हे सगळं रटाळ वाटलं असेल, पण बोलताना कोणीही चुकत नाही.

यामागचं सूत्र साधं आहे. ज्या नामाला 'ने', 'ला', 'ची', 'पैकी', 'सह' असं काही चिकटलेलं असतं, त्याच्या मागे मराठी क्रियापद जात नाही. ते मोकळं नाम शोधतं. इंग्रजीच्या पेपरात उपयोगी पडतं ते हेच.

'ऑफ'च्या पुढचा शब्द विसरा

परीक्षेत सर्वांत जास्त फसवतं ते 'ऑफ'. कर्ता असतो एकवचनी, क्रियापदाच्या अगदी शेजारी मात्र अनेकवचनी शब्द आणून ठेवलेला असतो, आणि कान त्या शेजाऱ्याचं ऐकतो.

'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हॅज बीन डिस्प्लेड' हे वाक्य घ्या. 'कँडिडेट्स' ऐकून हात 'हॅव'कडे जातो. आता तेच मराठीत म्हणा: 'उमेदवारांची यादी लागली आहे'. 'उमेदवारांची यादी लागल्या आहेत' असं कोणी म्हणेल का? 'उमेदवारांची' या शब्दाला प्रत्यय लागला, तो शर्यतीतून बाद झाला. उरली यादी, ती एक. म्हणून 'हॅज'.

शीर्षकातला प्रश्नही असाच सुटतो. 'ईच ऑफ द बॉइज' म्हणजे 'मुलांपैकी प्रत्येक जण'. 'मुलांपैकी प्रत्येक जण आला आहे', म्हणून 'हॅज कम'. 'वन ऑफ द बॉइज' म्हणजे 'मुलांपैकी एक जण', तिथेही 'हॅज'. 'नायदर ऑफ देम' म्हणजे 'दोघांपैकी एकही जण', आणि 'एकही जण आला नाही' हे एकवचनच आहे.

'द नंबर ऑफ' आणि 'अ नंबर ऑफ' ही जोडी तर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या पेपरात दिसते. 'द नंबर ऑफ बोट्स हॅज इन्क्रीज्ड' म्हणजे 'होड्यांची संख्या वाढली आहे'. वाढली ती संख्या. 'अ नंबर ऑफ बोट्स हॅव रिटर्न्ड' म्हणजे 'बऱ्याच होड्या परतल्या आहेत'. परतल्या त्या होड्या. दोन्हीकडे मराठीने बरोबर उत्तर दिलं, 'द' आणि 'अ'चा नियम घोकावा लागला नाही.

यापेक्षा अवघड मानला जाणारा प्रश्न असा: 'ही इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव पास्ड'. वर 'वन ऑफ'ला 'हॅज' घेतलं, मग इथे 'हॅव' का? मराठीत वाक्य उलगडून बघा: 'जे विद्यार्थी पास झाले आहेत, त्यांच्यापैकी हा एक आहे'. 'हू'च्या पुढचं क्रियापद त्या सगळ्या विद्यार्थ्यांचं आहे, या एकाचं नाही. याउलट 'ही इज द ओन्ली वन हू हॅज पास्ड' म्हणजे 'पास झालेला तो एकटाच'. तिथे 'हॅज'.

'टुगेदर विथ', 'अलाँग विथ', 'अकंपनीड बाय' या शब्दांसाठीही वेगळा नियम नको. 'द मदर, टुगेदर विथ हर चिल्ड्रन, हॅज गॉन' म्हणजे 'आई मुलांसह गेली'. मुलं कितीही असोत, 'सह' लागल्यावर क्रियापद आईचंच.

'ब्रेड अँड बटर' आणि चहापाणी

'अँड'ने दोन नामं जोडली की अनेकवचन, हा नियम सगळ्यांना येतो. अपवाद म्हणून शिकवलं जातं 'ब्रेड अँड बटर इज'. मराठी व्याकरणात या अपवादाला रीतसर नाव आहे: समाहार द्वंद्व समास. 'चहापाणी झालं', 'भाजीपाला महागला', 'मीठभाकर मिळाली'. दोन शब्द मिळून एक गोष्ट झाली, क्रियापद एकवचनी झालं. स्टेशनबाहेर 'वडापाव मिळतो' असंच म्हणतात, 'मिळतात' म्हटलं तर ऐकणारा एकापेक्षा जास्त वडापाव मोजू लागेल.

व्यक्तींच्या बाबतीत इंग्रजी 'द'कडे बघते. 'द पोएट अँड फिलॉसॉफर हॅज कम' मध्ये 'द' एकदाच आहे, म्हणजे कवी आणि तत्त्वज्ञ एकच माणूस. दोनदा 'द' आला तर माणसं दोन, क्रियापद 'हॅव'. इथे मराठीचा आधार घेऊ नका. मराठीत आदरासाठी एकालाच 'आले' म्हणतात, त्यामुळे माणसं किती हे क्रियापदावरून कळत नाही.

मराठी कुठे दगा देते?

जिथे दोन्ही भाषांचा हिशोब वेगळा आहे, तेवढेच नियम खरोखर पाठ करायचे. ते फार नाहीत.

'मोअर दॅन वन स्टुडंट वॉज ॲबसेंट'. एकाहून जास्त म्हणजे निदान दोन, मराठीत 'गैरहजर होते'. इंग्रजी मात्र शेजारच्या 'वन स्टुडंट'कडे बघून 'वॉज' घेते. तर्काला धरून नाही, पण उत्तर तेच. 'मेनी अ स्टुडंट हॅज' याचंही तसंच. अर्थ 'कित्येक विद्यार्थी', क्रियापद एकवचनी.

रक्कम, अंतर आणि वेळ इंग्रजीत एक गठ्ठा धरतात. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ'. मराठीत आपण 'पाचशे रुपये पुरे झाले' म्हणतो, म्हणून हात 'आर'कडे जातो.

'माझे केस पांढरे झाले' यावरून 'माय हेअर आर' लिहिणं ही तर खास मराठी चूक. डोक्यावरच्या केसांना इंग्रजीत 'हेअर इज' लागतं. उलट 'पोलीस' मराठीत एकही असतो, 'पोलीस आला' म्हणता येतं, पण इंग्रजीत 'पोलीस'ला कायम 'आर' किंवा 'हॅव'. कात्री एकच असते, 'सिझर्स आर' मात्र अनेकवचनी.

आणि 'ॲज वेल ॲज'. शब्दकोशात याचा अर्थ 'तसेच' असा मिळतो आणि 'राम तसेच श्याम' म्हटलं की अनेकवचन डोळ्यासमोर येतं. परीक्षेपुरता त्याचा अर्थ 'सह' असा घ्या. 'द टीचर ॲज वेल ॲज द स्टुडंट्स वॉज प्रेझेंट'. शिक्षक विद्यार्थ्यांसह हजर, म्हणून 'वॉज'.

जवळच्याचं ऐकायचं कधी?

'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' आणि 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' यांच्यात क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट', पण क्रम उलटला की 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज प्रेझेंट'. बऱ्याच जणांना हा नियम विचित्र वाटतो. एका वाक्यात दोन कर्ते असताना एकाचंच का ऐकायचं?

मराठीत हे रोज चालतं. 'वाटेत एक नदी आणि दोन ओढे लागले' म्हणा, मग 'दोन ओढे आणि एक नदी लागली' म्हणा. दोन्ही कानाला बरोबर लागतात, कारण क्रियापदाने जवळचं नाम पकडलं. फरक एवढाच की निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी हे 'आणि'लाही करते, इंग्रजी फक्त 'ऑर' आणि 'नॉर'च्या घरात. तेच ओढे आणि तीच नदी इंग्रजीत 'अँड'ने जोडली तर क्रम कोणताही असो, 'वेअर'च येणार. 'बोथ-अँड'लाही कायम अनेकवचन.

यात 'मी' आला की गंमत होते. 'नायदर यू नॉर आय ॲम रिस्पॉन्सिबल' हे वाक्य कानाला खटकतं, पण पर्यायांत तेच बरोबर असतं.

जोड्या: मराठीची सवय जास्त शब्द घालायची

आता जोडीच्या अव्ययांकडे. मराठीला जोड्या फार आवडतात. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जो-तो, ज्याअर्थी-त्याअर्थी. एक पाय टाकला की दुसरा पडणारच. इंग्रजीत बहुतेक वेळा एकाच शब्दावर काम भागतं, आणि मराठी माणूस तिथे दुसरा शब्द घालून येतो.

'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट'. 'जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही गेलो' याचं हे सरळ भाषांतर, आणि परीक्षेतली नेहमीची चूक. 'ऑल्दो' किंवा 'दो' असेल तर 'बट' नको. पर्यायांत 'येट' असेल तर तो चालतो, नाहीतर नुसता स्वल्पविराम. 'ॲज ही वॉज इल, सो ही स्टेड अ‍ॅट होम' यातला 'सो' म्हणजे आपला 'त्याअर्थी'. तोही काढायचा.

त्याहून खोल रुजलेली चूक 'अनटिल'ची. 'जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत थांब' असं आपण म्हणतो, म्हणून 'वेट अनटिल ही डज नॉट कम' लिहिलं जातं. मराठीला तो 'नाही' लागतो. इंग्रजीत नकार 'अनटिल'च्या पोटातच आहे. 'वेट अनटिल ही कम्स' एवढंच. 'अनलेस'चंही तेच, आणि 'लेस्ट'चंही. 'वर्क हार्ड लेस्ट यू शुड फेल' यात 'नॉट' आला की वाक्य चुकलं. 'लेस्ट'ला 'नाहीतर' समजा. 'अभ्यास कर, नाहीतर नापास होशील', यात नापासाला पुन्हा नकार लावत नाही.

'नो सूनर'च्या पुढे 'दॅन' आणि 'हार्डली'च्या पुढे 'व्हेन' ही तर पेपर काढणाऱ्यांची लाडकी जोडगोळी. बहुतेक मुलं ती घोकतात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये अदलाबदल करतात. कारण समजलं तर घोकावं लागत नाही. 'सूनर' हा 'सून'चा तुलनेचा शब्द आहे, 'आधी' या अर्थाचा. तुलना आली की इंग्रजीत 'दॅन' येतो, जसा 'बेटर दॅन', 'टॉलर दॅन'. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' म्हणजे 'जेमतेम'. त्यात तुलना नाही, म्हणून 'दॅन' नाही, 'व्हेन' येतो.

अर्थ मात्र सगळ्यांचा एकच. 'गाडी थांबते न थांबते तोच गर्दी आत घुसली'. भाईंदरच्या फलाटावर सकाळी उभं राहिलेल्याला हे वाक्य समजावून सांगायला नको. इंग्रजीत: 'नो सूनर हॅड द ट्रेन स्टॉप्ड दॅन द क्राउड रश्ड इन'. इथे आणखी एक सापळा असतो. 'नो सूनर' वाक्याच्या सुरुवातीला आलं की 'हॅड' किंवा 'डिड' कर्त्याच्या आधी येतं, प्रश्नात येतं तसं. 'डिड' घेतलं तर पुढे 'स्टॉप्ड' नाही, 'स्टॉप'.

छोट्या जोड्यांत 'बिट्वीन टेन टू फाइव्ह' ही चूक दुकानांच्या पाट्यांवरही दिसते. 'बिट्वीन'ला 'अँड', 'फ्रॉम'ला 'टू'. 'बोथ'ला 'अँड', 'ॲज वेल ॲज' नाही. 'नायदर'ला 'नॉर', 'ऑर' नाही. 'व्हेदर'ला 'ऑर'.

शब्द बरोबर असूनही जोडी चुकू शकते, ती जागेमुळे. 'शी इज बोथ इंटेलिजंट अँड वर्क्स हार्ड' यात 'बोथ'च्या पुढे विशेषण आहे आणि 'अँड'च्या पुढे क्रियापद. दोन्ही पारड्यांत एकाच जातीचं वजन हवं: 'बोथ इंटेलिजंट अँड हार्डवर्किंग'. 'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो इंग्लिश' हे बोलताना सगळेच म्हणतात. पेपरात 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो इंग्लिश' हवं. चूक सापडत नसेल तर जोडीच्या दोन्ही शब्दांच्या लगेच पुढे काय आहे, एवढंच बघा.

उत्तरतालिकाच चुकली तर?

व्याकरणाच्या काही प्रश्नांवर खरोखरच दोन मतं आहेत. 'नन ऑफ देम' पुढे 'इज' की 'आर', यावर जुनी पुस्तकं एकवचनाकडे झुकतात, आजच्या इंग्रजीत दोन्ही चालतं. 'टीम' किंवा 'कमिटी'सारख्या समूहाच्या नामांचंही तसंच. ब्रिटिश वृत्तपत्रं क्रिकेटच्या बातमीत 'इंग्लंड हॅव वन' लिहितात, अमेरिकन इंग्रजी अशा ठिकाणी एकवचन पसंत करते. भारतीय परीक्षांत सहसा मधला रस्ता असतो: समूह एकदिलाने वागला तर 'इज' किंवा 'हॅज', सदस्यांत फूट असेल तर 'आर' किंवा 'हॅव'. वाक्यात 'डिव्हायडेड' किंवा 'देअर ओपिनियन्स' असे शब्द दिसले की अनेकवचन घ्या.

अशा प्रश्नांत आधार म्हणून अजूनही रेन आणि मार्टिन यांचंच व्याकरण पुढे केलं जातं. भारतातल्या शाळांसाठी 1930 च्या दशकात आलेलं हे पुस्तक. त्यातले पी. सी. रेन 'बो जेस्ट' या 1924 च्या गाजलेल्या साहसी कादंबरीचे लेखक, आणि त्याआधी काही वर्षं ते इथेच, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. जवळपास नव्वद वर्षं जुन्या पुस्तकावर आजचा कट-ऑफ ठरावा का, हा प्रश्न रास्त आहे. पण पेपर काढणारे तेच उघडतात, तोवर उमेदवारालाही तेच उघडणं भाग आहे.

एमपीएससी आणि एसएससी दोन्ही आधी तात्पुरती उत्तरतालिका जाहीर करतात आणि ठरलेल्या मुदतीत हरकती मागवतात. एसएससीत प्रत्येक हरकतीला शुल्क भरावं लागतं. हरकती तपासून अंतिम उत्तरतालिका येते. तोवर एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतं किंवा प्रश्नच रद्द होऊ शकतो. हरकत घेताना क्लासच्या नोट्स किंवा मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट जोडण्यापेक्षा मान्य व्याकरणाच्या पुस्तकाचं किंवा मोठ्या शब्दकोशाचं पान जोडलेलं बरं, पान क्रमांक आणि आवृत्तीसह. आणि मुदत बघून ठेवा. ती काही दिवसांचीच असते, नंतर नियम कितीही तुमच्या बाजूने असला तरी कोणी ऐकत नाही.